चौघंही, नाहीतर कोणीच नाही

१८ जून
डॉक्टरसाहेबांनी आज चौघांना बोलावलं होतं. चहा नाही, पाणी नाही, सरळ मुद्दा. ऐंशी पार झाले, डाव्या डोळ्यानं दिसत नाही, आता आजाऱ्यांना सामान वापरायला देणारं रुग्णसाहित्य केंद्र त्यांच्यानं होत नाही. ट्रस्टवर नवे विश्वस्त घ्यायचे, म्हणजे आम्ही. पण लगेच नाही. धानाची रोवणी संपेपर्यंत चौघांनी मिळून केंद्र चालवायचं, ते नुसतं पाहणार. जमलं तर चौघांची नावं लावणार. नाही जमलं तर सहा पलंग, व्हीलचेअर, वॉकर, कमोडच्या खुर्च्या, सगळं गोंदियाच्या एका मोठ्या संस्थेला देऊन टाकणार.
मी म्हटलं, एकेकाची परीक्षा घ्या ना, जो पास होईल तो राहील.
"चौघंही, वनमाला. नाहीतर कोणीच नाही."
गोंदियाला गेलं म्हणजे आमच्याकरता गेलंच. इकडच्या खेड्यातला माणूस कमोडच्या खुर्चीसाठी गोंदियाला जाईल काय? घरची बाईच उचलून उचलून कमरेनं जाईल. आमच्या यांना अर्धांगवायूचा झटका आला होता तेव्हा याच केंद्राच्या पलंगावर सात महिन्यांत मी यांना बसतं केलं. आज काठी घेऊन माझ्या राइस मिलपर्यंत येतात आणि हमालांना नको ते सल्ले देतात. मला हे केंद्र आमगावात पाहिजे. आणि विश्वस्तांत माझं नाव पाहिजे. स्वतःच्या वहीत खोटं कायले लिहू.

२० जून
बाकीचे तिघं कोण, तर एक हरीशभाई. कापडाचं दुकान. जीभ मधाची. सगळ्याला "हो जाएगा" म्हणतात आणि मग दुसऱ्याला ते करावं लागते. पुढं ह. भाई लिहीन.
दुसरे मेश्राम सर, हायस्कूलमधून निवृत्त. बैठकीत कोणी शिंकलं तरी इतिवृत्तात घेतील.
तिसरी छाया. पस्तिशीची असेल. आधी उपकेंद्रात नर्स होती, सासूच्या दुखण्यात नोकरी सुटली. बोलतच नाही. हिला काऊन घेतलं, विचारायला पाहिजे डॉक्टरांना.
आणि मी. राइस मिल, अठरा वर्षं एकटीनं चालवून राहिली. मला माणसं सांभाळणं कोणी शिकवायची गरज नाही.

२५ जून
शिकवायलाच आला एक जण. नागपूरहून, डॉक्टरांच्या ओळखीचा. भावी विश्वस्तांसाठी संघकौशल्य, असा कागद दारावर चिकटवला. चौघांना वीस कागदी कप देऊन म्हणाला, उंचात उंच मनोरा करा. मी केला. चार मिनिटांत, आणि पडला नाही. वाटलं शाबासकी देईल. तर विचारतो, "मॅडम, या चार मिनिटांत बाकीचे काय करत होते?"
आता मला काय माहीत? मग कळलं. सर वेळ लिहून राहिले होते, ह. भाई फोनवर होते, आणि छाया एकेक कप माझ्या हातात देत होती. मला वाटलं कप मीच घेऊन राहिली.
घरी सांगितलं तर हे इतके हसले की बशीतला चहा सांडला. हसण्यासारखं काही नव्हतं.

१ जुलै
मिलचे अर्धे हमाल रोवणीला पळाले. उन्हाळी धान पडून आहे. केंद्रातून दोन वॉकर गेले, एक खुर्ची परत आली. खुर्ची धुतलेली नव्हती, मीच धुतली. सर म्हणाले, धुण्याची पाळी ठरवू. मी म्हटलं, पाळी ठरेपर्यंत धुऊन होते.
रिसामाच्या दिलीप काटरेची आई गेली तीन दिवसांपूर्वी. नऊ महिने आपल्या नं. ४ च्या पलंगावर होती. पलंग आज परत आला. सहापैकी तोच एक मोकळा आहे.

५ जुलै
वाईट दिवस.
कालीमाटीला एक बुढा, लकव्यानं पडलेला. सुनेनं परवा फोन केला, तो ह. भाईंनी उचलला. तिनं विचारलं, पलंगावर कोणी गेलं तर नाही ना? ह. भाई म्हणाले, बिलकुल नया है बेटी. मला काही सांगितलं नाही.
आज मी मिलच्या पिकअपमध्ये पलंग घेऊन गेली. मिलच्या पोरांनी ओसरीत मांडला, दांडा फिरवून डोक्याकडचा भाग वर-खाली करून दाखवला. त्याची बुढी हात लावून लावून पाहून राहिली होती. मग हळूच म्हणाली, "बाई, याच्यावर कोणी मेलं तं नाही ना?"
मी म्हटलं, दोघं गेले. आधी एक गुरुजी, मग एक बाई. धुतला आहे, औषध मारलं आहे, लोखंडाला काय होते आजी?
सून म्हणाली, दुकानवाले भाऊ तं नवा म्हणाले होते.
आपल्याकडे माणूस ज्या खाटेवर जाते ती खाट घरात ठेवत नाहीत, हे काय मला माहीत नाही? जन्म इथंच गेला. तरी बोलली.
चार वाजता त्यांनी पलंग केंद्राच्या फाटकाबाहेर, चिखलात आणून टाकला.

६ जुलै
बैठक कसली, भांडणच.
ह. भाई म्हणे, "भाभीजी, इतना सच बोलने की क्या जरूरत थी?" मी म्हटलं, आणि तुम्हाला इतकं खोटं बोलायची काय गरज होती? सरांनी नियमावली काढली. त्यात याबद्दल काहीच नाही, हे त्यांनी तीन पानं वाचून सांगितलं.
डॉक्टर काठी टेकत बाहेर आले. आमच्याकडे पाहिलंच नाही. एवढंच विचारलं, बुढा कुठं झोपला आहे?
मला माहीत नव्हतं. ह. भाईंना नव्हतं. सरांना नव्हतं.
"खाली," छाया म्हणाली. ती सकाळीच सायकलनं जाऊन आली होती. कोणाला न सांगता. माकडहाडाजवळ जखम झाली, बोराएवढी. केंद्रातली कोरी हवेची गादी देऊन आली, ती त्यांनी घेतली. पण जमिनीवरून उचलून बसवताना सुनेची कंबर धरून राहिली. पोटुशी आहे म्हणे ती.
डॉक्टर आत गेले. दार जोरात लावलं नाही. लावलं असतं तर बरं वाटलं असतं.

९ जुलै
पुन्हा बसलो. ह. भाई म्हणाले, नवा पलंग मी घेऊन देतो, झंझट खतम. मनाचा मोठा आहे माणूस, हे मान्य. पण सर पहिल्यांदा कामाचं बोलले. एकदा नवा दिला की बाकीचे पाच कोण घेईल? सगळ्यांवर कोणी ना कोणी गेलंच आहे. दर दुखणेकऱ्याला नवा पलंग कोण देणार?
ह. भाई: मग रंग मारू आणि नवा म्हणू. मी: कोण गेलं त्यांची नावं पलंगाला लावू, घ्यायचा तर घ्या. सर: विचारल्याशिवाय सांगायचं नाही, असा नियम करू.
तीन तोंडं, तीन दिशा. छाया वाती वळल्यासारखी पदराचं टोक वळत बसली. मी म्हटलं, तू काही बोलशील काय? म्हणाली, विचार करून राहिली.

१२ जुलै
छाया बोलली.
म्हणे, शेवटी ज्यांच्या घरून पलंग आला त्यांनाच सोबत न्यायचं. रिसामाचा दिलीप येईल, कालीमाटीच्या बुढीपाशी बसेल, आपल्या मायचं सांगेल. "लोकायले पलंगाचं भेव नाही वाटत, ताई. तो कोणाचा होता हे माहीत नसते, त्याचं वाटते."
ह. भाईंना एकदम पटलं. सरांनाही. मला नाही पटलं. ज्याची आई जाऊन दोन आठवडे झाले त्याला म्हणायचं, चल, तुझ्या आईचा पलंग दुसऱ्याच्या घरी मांडून दे? माणसाला रडू तरी द्या. मी स्पष्ट सांगितलं. मत घेतलं. तीन विरुद्ध एक.
आणि दिलीपला विचारायला कोणी जायचं? तर मी. काटऱ्यांचं धान आमच्याच मिलला येते म्हणून. सरांनी लिहिलंसुद्धा. वा रे न्याय.

१३ जुलै
यांना म्हटलं, मी दिलीपला सांगून टाकीन की माझा विरोध होता, पण बाकीच्यांनी ठरवलं. हे पेपर वाचत होते, मान वर न करता म्हणाले, "मिलमधला हमाल गिऱ्हाइकाले म्हणाला, मालकीणबाईनं सांगितलं म्हणून देऊन राहिलो, मले काही पटलं नाही, तं तू काय करशील?"
मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी घरी बसवीन.
"मंग?" म्हणाले, आणि पान उलटलं.
झटका आला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते बोलणं थोडं कमी होईल. काही कमी झालं नाही.

१४ जुलै
रिसामाला जाऊन आली. माझा विरोध होता हे बोलली नाही. एक शब्द नाही. जे ठरलं ते सांगितलं. दिलीप दारातच होता, मोटरचं वायंडिंग करत बसला होता. ऐकून घेतलं. म्हणाला, "मावशी, तेरवी होऊन चार दिवस नाही झाले. माह्याच्यानं नाही होत."
मी म्हटलं, बरं बाबा. निघाली.
पाच मिनिटांचं काम.

१५ जुलै
खरं लिहिते. काल परत येताना बरं वाटलं. मी म्हटलंच होतं. गाडीत गाणं गुणगुणली. उद्या बैठकीत सांगेन तेव्हा तिघांची तोंडं पाहायची आहेत.

१६ जुलै
सांगितलं. दिलीप नाही म्हणतो, मी आधीच म्हटलं होतं. सर लिहून राहिले होते. ह. भाईंनी कपाळाला हात लावला. छाया कालीमाटीहून मलमपट्टी करून आली होती, जखम आता लिंबाएवढी. ती एवढंच म्हणाली, "घरात कोण कोण होतं, ताई? चहा घेतला काय तुम्ही?"
तिला टोमणा मारता येत नाही. सहज विचारलं. पण मी घरात गेलीच नव्हती. चप्पलसुद्धा काढली नव्हती. अंगणात उभ्यानं, गाडी चालू ठेवून, मेलेल्या आईचा पलंग दुसऱ्याला द्यायला चल म्हटलं. त्यानं नाही म्हणावं असंच विचारलं. सत्तावन्न वर्षांची बाई मी, मिलमध्ये दर वर्षी शेकडो शेतकऱ्यांशी बोलते. कोणाला हो म्हणायला लावायचं असेल तर कसं बसायचं, काय आधी बोलायचं, मला येत नाही काय? चांगलं येते.
माझं मत पडलं म्हणून मी काम मुद्दाम पाडलं. आणि बुढा तिकडे जमिनीवर.
सगळं बोलून टाकलं. तिथंच. सरांनी पेन खाली ठेवला. ह. भाई म्हणाले, "जो माल बेचना नहीं होता ना भाभीजी, हम भी ग्राहक को ऐसे ही दिखाते हैं।"
रागानं नाही म्हणाले. म्हणून जास्त लागलं. त्यांच्यासमोर रडायला आलं नाही, घरी येऊन आलं.

१७ जुलै
पुन्हा मीच जाणार म्हणून सांगितलं. छाया म्हणाली, एकट्या नका जाऊ. मी म्हणणार होती की मला कोणाची गरज नाही. नाही म्हटलं तसं. ह. भाई येतो म्हणाले.

१८ जुलै
दोघं गेलो. या खेपेला चप्पल काढली. दिलीपची बायको चहा ठेवते म्हणाली, हो म्हटलं. तासभर पलंगाचं नाव काढलं नाही. त्याच्या आईचंच बोलत बसलो. बाई खमकी होती, मिलला यायची तेव्हा काटा स्वतः पाहायची, माझ्यावरही विश्वास नव्हता तिचा. दिलीप हसला. मग तोच सांगू लागला. दर दोन तासांनी कूस बदलायचो, मावशी. पाळी लावली होती आम्ही नवराबायकोनं. नऊ महिन्यांत पाठीला एक फोड नाही आला.
ह. भाई, ज्यांच्या तोंडाला मिनिटभर आराम नसते, ते नुसते ऐकून राहिले होते. त्यांनीच मग विचारलं, आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत. कालीमाटीचे एक बाबा आहेत, त्यांना जखम झाली, त्यांच्या सुनेला कूस कशी बदलायची ते येत नाही, तू दाखवून देशील काय बेटा?
पलंगाचं नाही, कूस बदलण्याचं विचारलं. मला हे सुचलं नसतं. शंभर वर्षांत नसतं सुचलं.
दिलीप आत गेला. वाटलं, झालं. पाच मिनिटांनी आला, डोळे धुतलेले. "येतो. पण पलंग मीच उचलीन."

२० जुलै
कालीमाटी. चौघंही गेलो, दिलीप आणि पलंग मागं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी रोवणीवाल्या बाया, वाकलेल्या उठून पाहून राहिल्या होत्या, हे कोण पाहुणे म्हणून.
बुढीनं पलंग ओळखला. दारातच उभी राहिली. "हा कायले आणला पुन्हा?"
मी बोलणार होती. छायानं माझा हात धरला. हलकाच धरला, पण धरला. दिलीप पुढं झाला, ओसरीच्या पायरीवर बसला, म्हणाला, "आजी, हा माह्या मायचा पलंग होय. नऊ महिने होती यावर. मी सांगाले आलो."
सगळं सांगितलं त्यानं. काय खायची, कोणाला शिव्या द्यायची, डोकं वर केलं की खिडकीतून कोंबड्या मोजायची. बुढी ऐकता ऐकता खाली बसली. सून दाराआड उभी होती, तीही आली. बऱ्याच वेळानं बुढीनं विचारलं, "तुह्यी माय झोपत होती काय रे यावर? झोप लागत होती?"
"लागत होती. गेली ती झोपेतच गेली."
आतून बुढा काहीतरी बरळला, ते आम्हाला समजलं नाही, तिला समजलं. तिनं पदरानं डोळे पुसले. "मंग आणा आत," म्हणाली.
दिलीप आणि मिलच्या पोरानं उचलला. दिलीपनं सुनेला दाखवलं, हात कुठं घालायचा, चादर कशी ओढायची, कंबरेवर जोर येऊ द्यायचा नाही. सरांनी एक शब्द लिहिला नाही. वही गाडीतच राहिली होती.
मी मागं जाऊन पिकअपच्या चाकाशी उभी राहून रडली. ह. भाईंनी पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं. चांगला माणूस आहे.

२७ जुलै
जखम सुकून राहिली, छाया म्हणते. दिलीप परवा स्वतःहून जाऊन आला.
डॉक्टरांनी बोलावून विचारलं, कालीमाटीचं कळलं, छान झालं, पण रिसामाचा पोरगा पहिल्यांदा नाही काऊन म्हणाला होता? सर म्हणाले, सविस्तर सांगू साहेब. डॉक्टर म्हणाले, रोवणी संपली की सांगा, त्याच दिवशी माझंही सांगतो.

२ ऑगस्ट
रोवणी संपली. उद्या अकराला डॉक्टरांकडे.
आज केंद्रात बसून ठरवलं, काय सांगायचं. लपवायचं नाही, यावर चौघंही एक. मी म्हटलं, मीच सांगते, चूक माझी आहे. एका वाक्यात सांगून मोकळी होते. यावर तिघंही नाही म्हणाले. छायाचं आता तोंड उघडलं आहे, लवकर बंद होत नाही. म्हणाली, "तुम्ही सांगितलं तं सगळं एकट्याच अंगावर घेऊन मोकळ्या व्हाल, ताई. तुम्ही एकट्या जाऊन राहिल्या होत्या, तवा आमी कोणी सोबत येतो म्हटलं नाही. ते कोण सांगन?"
मी तणतणली. माझी चूक मला सांगू देत नाहीत म्हणजे काय. अर्धा तास बोलली. मत घेतलं. तीन विरुद्ध एक, पुन्हा. ह. भाई सांगणार, आणि मला गप्प बसायचं काम दिलं आहे. सरांनी इतिवृत्तात तसं लिहिलं, माझी सही घेतली.
मला पटलेलं नाही. भीतीही वाटून राहिली, पहिल्यांदाच. हे ऐकून डॉक्टर म्हणाले की नाही जमलं तुमचं, तर सगळे पलंग गोंदियाला, आणि ते माझ्या पाच मिनिटांपायी. डॉक्टर बोलत असताना मला समजावून सांगावंसं वाटेल. मला माझी खोड माहीत आहे. पण या तिघांना सोडून दुसऱ्या कोणाबरोबर हे काम करावंसं वाटत नाही, हेही आज कळलं. त्यांना सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं.
यांनी जेवताना विचारलं, "जमन काय तुले गप्प बसणं? चौतीस वर्षांत तं नाही जमलं."
मी म्हटलं, जमवावं लागते. डॉक्टर हो म्हणोत की नाही म्हणोत, मधे बोलायचं नाही.